एक्केचाळीस वेळा थांब

"बाबा, हे बंद करा आता. मी विपुलले हो म्हणून आलो."

मी माइकच्या तारेला सोल्डरचा डाग देत होतो, म्हणून लगेच बोललो नाही. डाग थंड झाल्यावर विचारलं, "कायले हो म्हटलं?"

"आईच्या गाण्याले. आपल्याजवळचे तुकडे दिले की त्याचा कम्प्युटर तिच्याच आवाजात पूर्ण गाणं काढून देते. रविवारी विहारात लावू. लोक रडतीन."

"लोकायले रडवाचं हाय काय आपल्याले?"

ललित माझा मुलगा. अमरावतीहून सकाळच्या गाडीनं अकोल्याला आला होता. रविवारी माझ्या बायकोला, मनकर्णाला, जाऊन वर्ष होणार होतं.

विपुलचा अमरावतीत स्टुडिओ आहे. दोन वर्षांपूर्वी मनकर्णा आणि तिची जोडीदारीण पार्वताबाई तिथं गाणं रेकॉर्ड करायला गेल्या होत्या. गाणं मनकर्णानंच जुळवलेलं. 'पाटी धुतली मायनं, नाव लिहिलं लेकीनं.' आठ कडवी. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणून ते कागदावर कुठंच नाही. विपुलनं दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, "मावशी, तुमचा दोघींचा आवाज चिरका येते." घरी आल्यावर मनकर्णा धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

मला राग आला. चौतीस वर्षं मी तो आवाज शेजारी बसून ऐकला. चिरका तो नव्हता, माइक होता. विपुलकडं होता तसलाच जुना माइक मी विकत आणला आणि उघडला. स्वस्त माइकमध्ये बारीक, टोचणारा आवाज मुद्दाम वर उचललेला असतो. मी आवाज पकडणारी आतली चकती बदलली, दोन कपॅसिटर बदलले, डोक्याच्या जाळीतली आतली जाळी काढून टाकली. टोचणं गेलं. पण खरखर आली.

नवी दुरुस्ती झाली की संध्याकाळी ती खाटेवर बसायची. "अवो, म्हणू का आता?" पहिली ओळ म्हणायची. खरखर यायची. मी म्हणायचो, "थांब."

असं एक्केचाळीस वेळा झालं. मग तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. माझ्याजवळ एक्केचाळीस तुकडे आहेत. तिचं विचारणं, पहिली ओळ आणि माझं थांब. दुसरी ओळ एकातही नाही.

"खरखर कशानं येत होती, माहीत हाय काय तुले?" मी ललितला विचारलं. हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. "याच्यात ही एक जागा हाय. इथं बोटाचा घाम बी चालत नाही. अन् मी दर खेपेले, नीट बसलं का म्हणून, इथंच बोटानं दाबून पाहो."

एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. तिथं जोड दिला की दाबून पाहायचा, हीच सवय.

"म्हंजे खरखर मीच घालत होतो. अन् तिले थांब म्हणत होतो."

ललित हळूच म्हणाला, "मंग तं द्याच विपुलले. पुढचे शब्द पार्वतामावशी सांगतीन, अन् तो तुमचं थांबही काढून टाकते."

"काढाचं नाही. माहं थांब राह्यलंच पायजे त्यात. तिनं म्हटलं तेवढंच तिचं. पुढचं काहून त्या मशीननं म्हणावं? ज्यानं तिले चिरकी म्हटलं, त्याच्याच मशीननं? फोन लाव अन् नाही म्हणून सांग."

तेवढ्यात पार्वताबाई आल्या. मीच निरोप दिला होता.

"भाऊजी, माहा आवाज बी चिरका हाय बरं. मावते काय तुमच्या या डब्ब्यात?"

"बसा तं खरं."

"पयले चहा. कोरड्या गळ्यानं काय म्हणू?"

ललितनं चहा केला. मी ती जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, चिमट्यानं जोड बसवला आणि दाबून न पाहता माइकची जाळी पुन्हा बसवली. पार्वताबाई खाटेवर मनकर्णाच्या जागेवर बसल्या नाहीत, थोड्या सरकून बसल्या.

"तिचं गाणं मी म्हणू?"

"तुमाशिवाय कोणाले येते ते?"

मी रेकॉर्डिंग लावलं, त्यांनी सुरू केलं. खरखर नव्हती. पहिली ओळ संपली, दुसरी आली. मी खाली पाहत होतो.

तिसऱ्या कडव्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "नळ आले वो!" गल्लीभर बादल्या वाजल्या. शेजारच्यांची मोटर घरघरली. आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी येतं, तेव्हा कुणी थांबत नाही. माझा हात सवयीनं थांब म्हणायला वर गेला. पार्वताबाईंना तो दिसला. त्यांचा आवाज जरा खाली आला.

मी हात मांडीखाली दाबला आणि मानेनं सांगितलं, म्हणा.

त्या मोटरच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. आठही कडवी म्हणाल्या.

"झालं, भाऊजी."

"हाव."

ललितनं विचारलं, "मंग रविवारी कोणतं लावाचं?"

"आधी तिची ओळ, माह्या थांबसकट. मंग हे, मोटरसकट."

अंगणात आमचा ड्रम भरला होता. पाइप त्यातच सोडलेला, पाणी काठावरून खाली पडत होतं. माइक अजून चालूच होता, त्याचाही आवाज त्यात जात होता. ललित उठला नाही. मीही उठलो नाही.