कळांचा डबा

पौषातलं धुकं उसाच्या पात्यांवरून अजून उतरलेलं नसायचं, आणि तेवढ्यात मागच्या पडवीतून घाव ऐकू यायचे. एकापाठोपाठ एक, जड, सलग. मध्येच एखादा इतका निकराचा की वळचणीतल्या चिमण्या भर्रकन उडून जात. लग्न होऊन पेठहून पिंपरी पेंढारच्या या मळ्यात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी मी दचकून उठले होते. वाटलं, कुणी कुणाला मारतंय. धावत पडवीत गेले तर गऊनानी उकिडवी बसलेली, दोन पायांत गुळाची ढेप धरलेली, आणि तिच्यावर वरवंटा घालत होती. सोनेरी कपचे चौफेर उडत होते. एक तिच्याच गालाला लागून तिथे रक्ताचा बारीक ठिपका उमटला होता, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"बघतीस काय? भावकीत एकीला कळा लागल्यात. तूप आन आतलं," ती म्हणाली.

नानी म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली भावजय. नाव गऊबाई, नावात गाय होती, स्वभावात मात्र गाईची एक रेषाही नव्हती. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणे, पण मनात ती कायम 'ती'च राहिली, जशी वावटळीला कुणी 'अहो' म्हणत नाही. माहेर मेंढपाळांचं, डिंभ्याच्या वरच्या अंगाचं. लांडग्याला हाकलताना डोंगराच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर पोचवावा लागणारा आवाज लहानपणीच तिच्या गळ्यात बसला, आणि ती लग्न करून या बागायती मळ्यात आली तरी तो आवाज काही लहान झाला नाही. ती दार उघडायची नाही, ढकलायची. ताट वाढायची नाही, आदळायची. आजारी माणसाची विचारपूस करायची ती त्याच्या पाठीत गुद्दा घालून. तिचा राग आणि तिची माया एकाच विहिरीतून उपसलेली. ओंजळीत आल्यावर यातलं कोणतं पाणी कोणतं, हे कुणालाच सांगता येत नसे.

या रागाचं मूळ मला सासूबाईंनी सांगितलं, मेथी निवडता निवडता, आवाज खाली आणून. नानीचं पहिलं बाळंतपण याच घरातल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत झालं. तेव्हा घरात नानीच्या सासूचा शब्द चाले, आणि तिचा दंडक असा की कळा देणाऱ्या बाईचं पोट रिकामं हवं, अन्न गेलं की मूल वर चढतं. कळा लांबल्या. उजाडलं, मावळलं, पुन्हा उजाडलं. भुकेने व्याकूळ होऊन नानीने भाकरीच्या टोपल्याकडे हात नेला, तेव्हा त्या हातावर उलथन्याचा फटका बसला. जोर करायची घटका आली तेव्हा अंगात जोरच उरला नव्हता. मूल निळं पडून आलं, आणि रडलं नाही.

"मंग गऊबाई उठली," सासूबाई म्हणाल्या, "तशीच, त्याच लुगड्यात. चुलीवरचं कालवण उचललं आन म्हातारीच्या पायावर पालथं केलं. उकळतं व्हतं. मरंस्तवर लंगडत व्हती म्हातारी. परत कुनी नाव न्हाई घेतलं गऊबाईचं."

त्यानंतर नानीची कूस पुन्हा उजवली नाही. थोडक्या वर्षांत नवराही गेला. पण तेव्हापासून वाडीत कुणाच्याही घरी कळा सुरू झाल्या की ती न बोलावता जाई. हातात वायरची विणलेली पिशवी. पिशवीत स्टीलचे दोन डबे, एक थर्मास आणि सुंठ-गुळाच्या पाण्याची बाटली. वरचा डबा कळांचा. त्यात राजगिऱ्याचे लहान लहान लाडू, बिया काढलेला खजूर, खडीसाखर; सगळं एकेका घासाचं, कारण एक कळ ओसरून दुसरी येईपर्यंत एका घासापुरतीच फट असते, हे तिच्या देहाला ठाऊक होतं. खालचा डबा बाळंतिणीचा: डिंकाचे लाडू, तुपात माखलेली बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. थर्मासमध्ये मीठ-तूप घातलेली तांदळाची पेज. ती पिशवी भरताना तिच्या चेहऱ्यावर वात्सल्य वगैरे काही नसे. लढाईला निघालेल्याने शस्त्रं पारखून घ्यावीत तशी ती प्रत्येक झाकण दाबून पाही, आणि ओठ घट्ट मिटलेले असत.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तिला ओळखत. "नानी, अहो आता आम्हीच सांगतो, थोडं थोडं खायला-प्यायला द्या म्हणून," त्या हसून म्हणत.

"मंग द्या की! मी काय तुमचा हात धरलाय?" ती गरजे, आणि तरीही दाराशी बसून राही, आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघत.

माझी वेळ आली ती अशाच एका पौषातल्या सकाळी. पाट फुटून मळ्याच्या रस्त्यावर चिखल झाला होता, पिकअप घरापर्यंत येईना. संतोष, माझा नवरा, गाडी वळवून डांबरी सडकेवर उभी करायला पुढे गेला; सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवेना म्हणून त्या घरी राहिल्या. उसामधल्या पायवाटेने मी आणि नानी निघालो. दोन्हीकडे डोक्यावर गेलेला ऊस, धुक्यातून गाळून आलेला ताकासारखा पांढुरका उजेड, पायाखाली कुजक्या पाचटाचा ओला वास. नानीचा उजवा हात माझ्या कमरेला, डाव्या हातात पिशवी.

"उचल पाय," ती मागून ढोसत होती. "लई नाजूक झालात तुमी पोरी."

मध्यावर कळ आली. अशी आली की उभं राहणंच सरलं. मी बांधावर खाली बसले आणि गुडघ्यांवर वाकले. उसाच्या कडेला वाकून बसू नये, बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही पाठ असतं. पण कळेपुढे कसलं आलंय शहाणपण. पातं सळसळलं नाही, पाखरू ओरडलं नाही. उसाच्या भिंतीतून पिवळ्या रंगाचा एक लोट सुटला, आणि माझ्या मानेकडे आलेला जबडा नानीच्या हातावर मिटला; कारण दाराला अडसर घालावा तसा तिने आपला हात मध्ये घातला होता.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हिरवी कांडी मोडावी तसा, ओला आणि आखूड. नानी किंचाळली नाही; ती शिव्या देऊ लागली. मेंढरांमागे फिरताना शिकलेल्या, माणसांत कधी न उच्चारलेल्या, आयामायांना उकरून काढणाऱ्या शिव्या. डाव्या हाताने पिशवी फिरवून तिने त्या डोक्यावर हाणली. पुन्हा हाणली. डबे कवटीवर वाजले, थर्मासची काच फुटली, आणि वाफाळती पेज जनावराच्या डोळ्यांत गेली. ते गुरकावत मागे सरलं, पण हात सोडीना. तिला तसंच फरपटत उसात घेऊन गेलं. पाती हलत होती, आतून तिचा आवाज येत होता, आणि मी मातीत आडवी पडून एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने ढेकळं फेकत होते, कुठे पडताहेत ते दिसत नव्हतं. मग ऊस फाकला आणि ती बाहेर आली, त्या जबड्यासकट. जणू त्याने तिला नव्हे, तिनेच त्याला धरलं होतं. सडकेवरून संतोषने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. शेजारच्या वावरातली माणसं काठ्या घेऊन धावली. बिबट्याने हात टाकला, वळला, आणि ऊस त्याच्यामागे पाण्यासारखा मिटला.

पिकअपच्या हौद्यात गोणपाटावर मला निजवलं. नानीच्या हातावर कुणीतरी उपरणं गुंडाळलं होतं, ते बघता बघता लाल होऊन जड झालं. तिचा चेहरा राखेसारखा पडला होता. पण तेवढ्यातही तिने चिखलातून सुंठ-गुळाची बाटली आणि एक डबा उचलून आणला होता. चेपलेला, तरी झाकण शाबूत. तो गुडघ्यांत दाबून तिने डाव्या हाताने उघडला.

"खा."

"नानी, तुमचा हात..."

"हात ऱ्हाऊ दे. तोंड उघड."

राजगिऱ्याच्या त्या लाडवाला गुळाची गोडी होती, मातीची करकर होती आणि रक्ताचा खारट, लोखंडी वास होता. मी गिळला. तिच्यासमोर न गिळण्याची हिंमत त्या अवस्थेतही मला झाली नाही.

दवाखान्यात आम्हाला शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. मध्ये एक पातळ भिंत. तिच्या जखमेभोवती इंजेक्शनं टोचली जात होती, जखम धुतली जात होती. माझ्या देहात कुणीतरी कुऱ्हाडीने लाकूड फोडत होतं. तोवर मला वाटायचं, प्रसूती हा शब्दच किती मृदू आहे, फुलाच्या उमलण्याशी नातं सांगणारा. त्या दिवशी कळलं की जन्म ही एक हाणामारी असते. एक देह दुसऱ्या देहाला आतून फोडत बाहेर येतो, आणि दोघांपैकी कुणालाही दया दाखवायची सवड नसते.

"पेज सांडली गं तिची!" भिंतीपलीकडून नानी ओरडत होती. "गुळाचं पानी पाजा तिला! ऐकता का न्हाई?"

"आजी, हलू नका, टाके घालायचेत," डॉक्टरांचा आवाज.

"तुमी घाला तुमचं टाकं. तिला पानी द्या आदी!"

नर्सबाईंनी बाटली माझ्या ओठांना लावली. सुंठेचा तिखट, गुळाचा कोमट घोट घशातून उतरला आणि कुठेतरी खोल एक दिवा लागल्यासारखं झालं. पुढची कळ आली. मी किंचाळले, आणि भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं.

"वरडू नगं, जोर कर! जबड्यातनं काढून आनलंय तुला, उगं न्हाई!"

किती वेळ असं चाललं, सांगता येत नाही. माझी किंकाळी, तिची शिवी. तिचं कण्हणं, माझा जोर. दोन बायका भिंतीच्या दोन बाजूंनी एकाच दोराला धरून ओढत होत्या. आणि मग तो दोर तुटला, सगळं अंग रिकामं झालं, आणि एक कोवळा, संतापलेला टाहो खोलीभर पसरला. मुलगी झाली होती.

पलीकडे मात्र एकाएकी सामसूम झाली. "नानी?" मी हाक मारली. "नानी!" मग एक आवाज आला, तो मी त्या घरात कधीच ऐकला नव्हता. कुणीतरी रडत होतं. लहान मूल रडतं तसं, ताल सोडून, हुंदक्यात हुंदका अडकवून.

"रडलं," ती म्हणत होती. "रडलं गं, रडलं."

नानी वाचली. हात कापावा लागला नाही, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. भाकरी थापणं गेलं, लाडू वळणं गेलं, वरवंटा गेला. एकदा तिला भाकरीचा तुकडा मोडता येत नाही हे पाहून माझे डोळे भरले, तर तिने डाव्या हाताने माझ्या मुस्कटात मारली. "मेले का मी? मंग रडतीस कुनाला?" पुढे वनखात्याने लावलेल्या पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला, तेव्हा सगळी वाडी बघायला लोटली. संतोषने विचारलं, "नानी, येती का बघायला?"

"मी कशाला? तुमी भायेरनं बघा. मी आतनं बघितलाय," ती म्हणाली, आणि पोरीला झोक्यात आणखी जोराने ढकललं. ती पोर खदखदून हसली. त्या दणक्यांवरच ती वाढली.

मग एका वैशाखात साधाच ताप आला. आठवड्याभरात नानी गेली, कुणाला काही न सांगता, कुणाशी न भांडता. तिच्या साऱ्या आयुष्यातली तेवढीच एक गोष्ट मऊपणाने झाली, आणि म्हणूनच ती आम्हाला खरी वाटली नाही. पडवी इतकी शांत झाली की चिमण्यांनीही तिथे यायचं काही दिवस टाळलं असावं, असं मला उगीच वाटे.

लेकीला ती आता जेमतेम आठवते. वाडीतल्या बाया नानीचा विषय निघाला की तिचे डोळे सांगतात, तिचं कपाळ, तिचा जबर आवाज. मी आठवू जाते तेव्हा चेहरा येत नाही. धुकं येतं, आणि धुक्यात पाठमोरी एक बाई, दवाने भिजलेली चोळी, ताठ मान, माझ्या आणि उसाच्या मध्ये. जी माणसं आपल्यासाठी अशी आडवी उभी राहतात, त्यांचं तोंड त्या क्षणी आपल्याकडे नसतं. आपल्या वाट्याला त्यांची पाठच येते. वर्षं जातात, ऊस तुटतो, पुन्हा उभा राहतो. मी मनातल्या मनात तिला हाका मारत राहते, आणि ती पाठ काही केल्या वळत नाही.