जुन्या रक्तदाबमापकाचा हेवा

मित्रांनो, मी पाऱ्याचा एक जुना रक्तदाबमापक. लोक मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. पेणच्या रामवाडीतल्या एका दवाखान्यात, टेबलाच्या कोपऱ्यात माझी पेटी असते. माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. मी मत्सरी आहे.

तरुणपणी मला हेवा करायला कुणी नव्हतंच. रोह्यात मोठ्या डॉक्टरांकडे माझा काय थाट होता! वरसे आणि आसपासच्या गावांतली भात नि वाल पिकवणारी माणसं बाही वर करून माझ्यापुढे हात ठेवायची. डॉक्टर दंडाला पट्टी गुंडाळून फुगा दाबत, पारा सरसर चढे आणि बरोबर आलेलं अख्खं घर श्वास रोखून बघे. "रक्तदाब वाढला तरी दुखत नाही, म्हणून माणूस फसतो," डॉक्टर प्रत्येकाला सांगत. "आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंडं खराब होत राहतात."

पुढे त्यांच्या मुलीनं, निशिगंधानं, पेणला दवाखाना काढला आणि त्यांनी मला कौतुकानं तिच्याकडे दिलं. टेम्पोतून येताना पेटी आपटली, थोडा पारा सांडला. तेव्हापासून पट्टी मोकळी असतानाही माझा पारा शून्याच्या खुणेपर्यंत पोचत नसे. म्हणजे प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा कमीच येई. डॉक्टरबाईंच्या ते लक्षात आलं नाही. मला मात्र ठाऊक होतं.

मग ते नवं आलं. सेलवर चालणारं, बटण दाबलं की गुरगुरणारं, चपटं आणि पांढरंशुभ्र. ना ठोके ऐकायचे, ना नळीकडे डोळे लावायचे. डॉक्टरबाई त्याला मऊ फडक्यानं पुसायच्या, माझ्यावर मात्र केसपेपरांचा गठ्ठा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. याचा एखादा आकडा चुकू दे आणि चारचौघांत याची फजिती होऊ दे, एवढंच मी मागत होतो.

एके दिवशी खाडीकडच्या गावातला जनू आला. मिठागरात राबणारा, पन्नाशी उलटलेला. त्याला दोनदा घेरी आली होती, म्हणून बायको गोदूबाई त्याला ओढूनच घेऊन आली होती. नव्या यंत्रानं वरचा आकडा एकशे बहात्तर दाखवला. पाच मिनिटांनी परत मोजला, तरी तेवढाच.

"जनूभाऊ, रोज गोळी घ्यावी लागेल. आणि मीठ कमी करा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

जनू हसला. "बीपी व्हतं ते पाकिटातल्या मिठानं. आमी आमच्या आगरातलं खडं मीठ खातो. त्यानं काय होत नाय."

"मीठ ते मीठच. सुकट आणि पापडातलंही त्यातच धरायचं."

"मला या गुरगुरणाऱ्याचा भरवसाच नाय. मोठ्या डाक्टरांचं जुनं हाय ना? त्यावर बघा."

त्यांनी केसपेपर बाजूला करून मला उघडलं. मित्रांनो, किती दिवसांनी! पारा चढला, उतरला. एकशे अठ्ठेचाळीस.

"बघ गो, काय बोललो मी?" जनू बायकोला म्हणाला.

डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "याची तपासणी बरेच दिवस झालेली नाही. आणि हाही आकडा जास्तच आहे. मी नव्याचाच धरते. गोळी चुकवू नका."

पण जनूनं माझाच आकडा घरी नेला. नव्याची चांगली जिरली म्हणून मी दिवसभर खुशीत होतो. माझा आकडा खोटा आहे हे ठाऊक असूनही.

गोळ्या फळीवर तशाच पडून राहिल्या. वैशाखात मीठ ओढताना जनूच्या उजव्या हातातून फावडं गळालं. ते उचलायला गेला तर बोटं मिटेनात, तोंड एका बाजूला वाकडं झालं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण हात लुळा पडला आणि जीभ अडखळू लागली.

आता दर महिन्याला गोदूबाई त्याला धरून आणते. परवा तिनं विचारलं, "बाय, त्या दिवशी जुन्यात कमी कसं आलं?"

डॉक्टरबाईंनी मला उघडून शून्याच्या खाली राहिलेला पारा दाखवला. "मी वेळेवर बघायला हवं होतं. शंका आली तेव्हा तरी बाजूला ठेवायला हवं होतं. चूक माझी."

गोदूबाईनं नळीवरच्या शून्याच्या खुणेला बोट लावलं. "गोळ्या फळीवर दिसत होत्या मला. पन मीबी गप बसले. मलाबी तोच आकडा आवडला."

दोघींनी दोष आपापल्या अंगावर घेतला. मला कुणी काही विचारलं नाही. जनू डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवत होता.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांचा रक्तदाब मोजून घ्या, आणि मोजणाऱ्या यंत्रालाही वरचेवर तपासून घ्या. आकडा आवडता आला म्हणून गोळी फळीवर ठेवू देऊ नका. त्या दिवशी नव्या यंत्राचा आकडा खरा होता. एवढं एक वाक्य बोलायला मला सहा महिने लागले.