थोरलीचा कांदा

ओल्या फडक्यावर मुळ्याचं बी फार वेळ घेत नाही. टरफलाला एका कडेने बारीक चीर जाते, तिच्यातून दोऱ्याच्या टोकाएवढा पांढरा कोंब डोकावतो आणि लगेच खाली वळतो, जणू वरचं जग त्याने आधीच पाहिलंय. वाटाणा आधी फुगतो, मग फुटतो. कांद्याला यांच्यापेक्षा उशीर लागतो, आठवडा तर सहज. धाकटीने त्याला त्याहून बराच जास्त वेळ दिला होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर, चुलीची ऊब पोचेल अशा जागी बशी ठेवली होती, आणि फडकं एकदाही वाळू दिलं नव्हतं. शेजारच्या मुळ्याला पानं यायची वेळ झाली, तरी कांद्याचं बी होतं तसंच होतं: काळं, कोनाकोनाचं, खड्यासारखं. एका दाण्यावर करडी बुरशी आली होती. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

"काय बघतेस फळीत तोंड घालून?" थोरली दारातून म्हणाली.

"मुळा फुटलाय, ताई."

"मुळा फुटायचाच. त्याला दुसरं येतं काय?"

धाकटीने बशी डब्यामागे सरकवली. खरं तर सरकवायची गरज नव्हती. गेली दोन-तीन वर्षं, थोरलीच्या सांगण्याप्रमाणे, गावातल्या दिव्यांचा उजेड कमी झाला होता, सुयांची नाकं बारीक निघायला लागली होती, आणि माणसं इतकी माजली होती की ओळख न देता जवळून जात होती. तिच्या डोळ्यांना मात्र काहीही झालेलं नव्हतं.

या दोघी जावा. धाकटीचे केस कधीच पांढरे झाले होते, पण घरात एकदा धाकटी म्हणून आलेली बाई धाकटीच राहते. सासूने शेवटच्या आजारपणात बियांची वाटणी केली, तेव्हा कांदा थोरलीकडे गेला आणि मुळा धाकटीकडे. "मुळ्याला अक्कल लागत नाही," असं सासू म्हणाली आणि आपल्याकडे बघितलं, हे धाकटीला स्पष्ट आठवत होतं. थोरलीच्या मते सासूने खिडकीकडे बघितलं होतं.

कांद्याला अक्कल लागते हे खरंच. तो पहिल्या वर्षी बी देत नाही. आधी कांदा पोसायचा, त्यातले उत्तम निवडून हिवाळाभर जपायचे, दुसऱ्या वर्षी पुन्हा मातीत लावायचे. मग दांडे निघतात, त्यांवर पांढरे गोंडे येतात, आणि गोंडा तडकायच्या बेतात असताना नेमका काढावा लागतो. शिवाय हे बी म्हातारं लवकर होतं. बरणीत फार दिवस राहिलं की ते फक्त बियासारखं दिसतं. एवढ्या कटकटीपायी गावात कोणीच कांद्याचं बी धरत नव्हतं. सगळे थोरलीकडून घ्यायचे, पिकवायचे आणि खाऊन टाकायचे. हा कांदा चपटा, तांबूस, पातळ सालीचा. नवा येईपर्यंत टिकायचा, आणि या गावाबाहेर तो कुठेच नव्हता.

मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात थोरलीच्या वाफ्यातले गोंडे तडकले आणि बी मातीत सांडलं. तिला ते दिसलं नाही, कोंबड्यांना दिसलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बियासाठी ठेवलेल्या ढिगात एक कांदा नासला. तोही तिला दिसला नाही, आणि एका नासक्याने सगळा ढीग नासवला. धाकटी दोन्ही वेळा म्हणाली होती, "ताई, मी बघू का?" दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, "तू मुळा बघ." मागच्या वर्षी थोरलीने गावाला बी वाटलं ते कुठल्या जुन्या बरणीतलं, हे धाकटीला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या वाफ्यात काही उगवलं नाही, तेव्हा थोरली म्हणाली की चिमण्यांनी खाल्लं. धाकटीने गुपचूप बाजारातून कांदे आणले, वेणी घालून खुंटीला टांगले आणि तोंड मिटलं.

आज पुन्हा वाटपाचा दिवस होता. थोरलीची पुरचुंडी बांधून तयार होती; धाकटीच्या बशीतले दाणेही त्याच बरणीतले.

"ताई, त्यातले चार दाणे आधी भिजवून बघितले असते तर?"

"माझ्या बियाला आजवर कोणी परीक्षेला बसवलेलं नाही."

"बसवलं म्हणून काय बिघडतं?"

"आज बी भिजवशील, उद्या मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवशील. म्हातारीला कोंब फुटतो का बघायला."

"तुम्हाला फुटेल हो. जिभेला तरी नक्कीच."

"चल आता, उशीर होतोय," थोरली म्हणाली, आणि उंबरठा चाचपून बाहेर पडली.

थंडी सरत आली होती. रस्त्याच्या कडेचा चिखल वरून वाळून आतून ओला होता, आणि पाय टाकला की सायीसारखा दबायचा. अशा मातीत अजून पेरता येत नाही, पण पेरायचं कसं याच्या गप्पा मारता येतात. गावातले परसबागवाले त्यासाठी दरवर्षी गिरणीच्या मागच्या खोलीत जमायचे. गिरणीवाला पट्टा बंद करायचा, पोती ओळीने मांडायचा, आणि पोत्यांवर बसून प्रत्येकजण आपापलं बी दुसऱ्याला द्यायचा.

त्या खोलीचा एक नियम होता. घेतल्या बियाला नाव ठेवायचं नाही. मागच्या वर्षी घेतलेलं कसं आलं ते देणाऱ्यासमोर सांगायचं. चांगलं आलं तर "छान आलं" म्हणायचं, आणि नाहीच आलं तर "आमची जमीन कमी पडली" म्हणायचं. आपल्या जमिनीला चारचौघांत कमी कोण म्हणणार? त्यामुळे त्या खोलीत आजवर सगळं छानच आलं होतं.

"शिंपीणबाईंचा घेवडा छान आला," गिरणीवाल्याने सुरुवात केली. "शेंगा ह्या एवढाल्या." त्याने हाताने दाखवलेल्या शेंगेत अख्खं मांजर मावलं असतं.

"तुमचा भोपळाही छान आला हो," शिंपीणबाई म्हणाली. "नुसता वेल होता, पण काय वेल होता!"

"धाकटीचा मुळा?"

"मुळा काय, येतोच," सगळे एकदम म्हणाले.

मग थोरलीने पुरचुंडी पुढे ठेवली आणि मान ताठ केली. "कांदा?"

गिरणीवाल्याने पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया खाजवल्या. "छान आला की."

"उत्तम," शिंपीणबाई घाईने म्हणाली. "अजून पुरतोय आम्हाला."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मागच्याच आठवड्यात बाजारात, कांद्याच्या ढिगापाशी, दोघींची समोरासमोर गाठ पडली होती. तेव्हा दोघीही लसूण बघायला आल्या होत्या. एवढे दिवस धाकटीला वाटत होतं की लाज फक्त आपल्याच घरातली आहे. आता तिला कळलं की गिरणीवाल्याकडे काही आलं नव्हतं, शिंपीणबाईकडे काही आलं नव्हतं, आणि प्रत्येकजण समजून चालला होता की गावात फक्त आपलीच जमीन नालायक निघाली.

"आणि तुमचा?" थोरलीने न्हाव्याच्या दिशेने तोंड केलं. तो दाराशी, पोतं न मिळाल्यामुळे पायरीवर बसला होता.

न्हावी गावातला सर्वांत आळशी बागवाला. त्याच्या वस्तऱ्याखाली अर्धी दाढी करून माणसं घरी जेवून यायची.

"माझं म्हणजे… अजून पेरलं नाही," तो म्हणाला.

"मागच्या वर्षी दिलेलं?"

"ते पेटीत आहे. यंदा पेरीन म्हणतोय. मागच्या वर्षी मी त्याच्या आधीच्या वर्षीचं पेरलं. माझं एक साल मागे चालतं ना, थोरल्या बाई."

पोत्यांवर हशा पिकला. "याचं लग्नही असंच एक साल मागे झालं," गिरणीवाला म्हणाला. "मांडव दोनदा घातला."

"तेवढं तरी आलं का?" शिंपीणबाईने विचारलं.

"आलं असावं. उपटलं कुठे अजून? म्हटलं, कांदे जातात कुठे. परवा बघितलं तर हिरवी पात वर आलीय. आता काय, खायच्या कामाचे नाही राहिले. वाफा मोकळा करून टाकतो उद्या."

"हात लावू नका!"

हे धाकटी एवढ्या मोठ्याने बोलली की छताच्या तुळईवरचं थोडं पीठ खाली आलं. न्हाव्याने दोन्ही हात वर केले, जणू कांदे त्याच्या मांडीवरच होते.

"अगं, ओरडतेस काय?" थोरली म्हणाली. "नाही हात लावला तर तुला काय मिळणार आहे? बी इथे आहे की." आणि तिने पुरचुंडीची गाठ सोडायला घेतली.

धाकटीने पुरचुंडीवर हात ठेवला.

"हात काढ," थोरली हळू म्हणाली.

धाकटीने काढला नाही. तिला बोलायचं होतं, पण घेतल्या बियाला नाव ठेवायचं नाही, आणि घरच्या बियाला तर नाहीच नाही. बोललं तर थोरलीची चारचौघांत फजिती. नाही बोललं तर आज सगळे खडे घेऊन घरी जातील, छान पेरतील, पुढच्या वर्षी छान आलं म्हणतील, आणि गावातले शेवटचे बी देणारे कांदे उपटायचं काम न्हावी उद्या, आयुष्यात पहिल्यांदाच, वेळेवर करेल.

"गिरणीवाले दादा," ती शेवटी म्हणाली, "तुमचा कांदा रंगाने कसा आला होता?"

"रंगाने?" गिरणीवाला विचारात पडला. "कांद्यासारखा."

"साल?"

"होती."

"आणि टिकला कितपत?"

गिरणीवाल्याने शिंपीणबाईकडे बघितलं. शिंपीणबाईने पदराला नसलेली सुरकुती काढली. गिरणी बंद असली की त्या खोलीत उंदरांचं बोलणंही ऐकू येतं, आणि ते ऐकू येत होतं.

"आमची जमीन कमी पडली," शिंपीणबाई म्हणाली.

गिरणीवाल्याने खांद्यावरचं ओझं उतरवावं तसा श्वास सोडला. "तुमचीही? अहो, मी त्या वाफ्यात तीन गाड्या खत ओतलं! बायको म्हणाली, आता स्वतःला पुरून घ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'अजून पुरतोय' म्हणालात ना!"

"मी तुमचं 'छान आला' ऐकून म्हणाले!"

दोघं एकमेकांवर रागावले आणि दोघांनाही फार बरं वाटलं. न्हावी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. आपण काहीतरी चांगलं केलंय अशी त्याला शंका येऊ लागली होती, आणि अनुभव नसल्यामुळे तो घाबरला होता.

थोरलीची बोटं अजून पुरचुंडीवर होती, धाकटीच्या हाताखाली.

"फळीवर डब्यामागे काय ठेवलंस?" तिने विचारलं. आवाज फक्त धाकटीपुरता होता, पण खोली लहान होती.

"बशी."

"कांदा फुटला?"

"नाही, ताई."

"एकही?"

"एकाला बुरशी आली."

थोरलीने मान हलवली. "खुंटीवरची वेणी बाजारातली आहे, हे मला टांगलीस त्याच दिवशी कळलं. साल हाताला जाड लागते. म्हटलं, ही बोलते का बघू."

"मी म्हटलं, तुम्ही बोलता का बघू."

"दोघी कांदे खात बसलो," थोरली म्हणाली.

गिरणीवाल्याने खाकरून विषय पुढे नेला, कारण कोणीतरी नेणं भाग होतं. जमिनीवर पीठ पसरलेलंच होतं. तो वाकला आणि बोटाने न्हाव्याचा वाफा काढला, त्याच्या भोवती आपली बाग, शिंपीणबाईची बाग, या दोघींची बाग. दरवर्षी पेरणी अशीच पिठावर ठरायची. कोण कुठे काय लावणार ते सगळ्यांसमोर आखायचं, म्हणजे एकाच्या भोपळ्याने दुसऱ्याची काकडी सावलीत जायला नको.

"यंदा कोणी बाजारातला कांदा परसात रुजू द्यायचा नाही," धाकटी म्हणाली. "त्याला गोंडा आला तर माशा इकडचं तिकडे करतील. मग बी भेसळीचं."

"कबूल," गिरणीवाला म्हणाला. "आणि न्हावीबुवा, तुम्ही वाफ्याला हात लावायचा नाही."

"ते मला जमेल," न्हावी मनापासून म्हणाला.

"पण बघणार कोण?" शिंपीणबाईने विचारलं. "दांडे वाऱ्याने पडतात, त्यांना काठ्या लागतील. कोंबड्या आहेत. आणि गोंडा तडकायच्या आधी नेमका काढायचा म्हणजे रोज जाऊन बघायला हवं. बघायला हवं म्हणजे…" ती थांबली आणि आपल्या पोत्याची शिवण तपासू लागली.

कोणी थोरलीकडे बघितलं नाही. सगळे पिठातल्या त्या चौकोनाकडे बघत राहिले. कांदा थोरलीचा होता. तो दुसऱ्या कोणाकडे जावा असं म्हणणं म्हणजे तिच्या घरातली चूल उचलून नेण्यासारखं होतं. धाकटीने वर्षानुवर्षं मागायचं होतं ते आता मागितलं, तर हिसकावल्यासारखं झालं असतं.

थोरलीने पुरचुंडी उचलली, गाठ सोडली, आणि बी पायाशी जमिनीवर ओतलं. पिठावर काळे दाणे पडले. तिने ते चपलेने पसरवले, एकही वेचून घेता येऊ नये असे. मग ती धाकटीच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली. उभं राहायचं कारण नव्हतं. बसूनही बोलता आलं असतं.

"न्हाव्याच्या वाफ्यावर नाव घाल," ती गिरणीवाल्याला म्हणाली.

"कोणाचं?"

थोरलीने ओठ आवळले, मग सोडले.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "कांदा धाकटीचा."