वहीतला भाव

मला वहीचं वेड. चार वर्षं आम्ही महाडात घर बघत होतो आणि मी दर महिन्याला लिहून ठेवायचे: कुठली इमारत, कितवा मजला, चौरस फुटाला काय भाव, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं. तळमजल्याच्या भिंतीला नवा रंग दिसला की मी शेजारणीला गाठलंच म्हणून समजा. एजंट मला बघून रस्ता बदलायचे. मी शाळेत क्लार्क. शाळेत कुणाला घर घ्यायचं किंवा विकायचं असलं की आधी माझ्या टेबलापाशी यायचं.

तशी सरिता आली. आमच्याच शाळेत शिपाई, मूळची पोलादपूरकडच्या कापडे गावची.

"ताई, सासूला जिना चढवत नाय. हा फ्लॅट विकून पोलादपूरला खाली कायतरी बघते. काय भाव सांगू?"

सरिताचा दुसरा मजला. तिथं पाणी कधी पोचलंच नाही. असल्या घरावर महाडात उड्या पडतात. आदल्याच आठवड्यात मी वहीत लिहिलं होतं: तिचीच इमारत, दुसरा मजला, चौतीसशे.

"सत्तावीसशे मिळाले तरी नशीब समज," मी म्हणाले. "पुरानंतर महाडात येतंय कोण?" जीभ जरा अडखळेल तर शपथ! वर आणखी म्हणाले, "एजंटच्या नादाला लागू नकोस. आम्हीच घेतो."

तिनं माझा हात धरला. "तुमी घेताय ना, मग माझ्या जिवाला घोर नाय."

पाचशे फुटांचं घर. साडेतीन लाख मी असे बोलता बोलता खाल्ले. खरेदीखतावर सही करताना मला लाज वाटली का? नाही वाटली. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला होता.

वास्तुशांतीला सरिता कापड्याचे तांदूळ घेऊन आली. चार बायकांत म्हणाली, "ताईंमुळं वाचले, नायतर एजंटनं फसवलीच असती मला." मग माझ्याकडे वळली. "ताई, पोलादपूरला पैसे थोडे कमी पडतायत. सासूला भाड्याच्या खोलीत ठेवलीय. ती वही दोन दिवस द्या ना, स्वस्तातलं कुठं हाय बघते."

मी प्रसादाच्या वाट्या सारख्या करायला लागले. "अगं, सामान हलवताना कुठं गेली देव जाणे."

"ही काय, तुझ्याच पिशवीत!" नवरा, ओंकार, आतून वही घेऊन आला आणि कौतुकानं तिच्या हातात ठेवली. बिचाऱ्याला काय माहीत.

ती पानं उलटत गेली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. इमारत, मजला, भाव, तारीख. माझंच टपोरं अक्षर. तिनं ते दोनदा वाचलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. चार शिव्या तरी घालायच्या होत्यास गो बाई! तिनं वही मिटून खुर्चीवर ठेवली, "गाडी हाय माझी," म्हणाली आणि प्रसाद न घेताच जिना उतरली.

मी जागची हलले नाही. ओंकारला अजून सांगितलेलं नाही. पैसे परत द्यायचं रोज ठरवते आणि रोज शाळेतून तशीच घरी येते, तिच्याच घरी.

वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी तिनं शाळेत रोजच्यासारखा चहा माझ्या टेबलावर ठेवला होता.

"मॅडम, चहा."

सात वर्षं ती मला ताई म्हणत होती.