चौतीस वेढे

भनपुरीतल्या त्या दुकानाच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोके होती आणि सकाळचे ऊन त्यांतूनच आत येई. एकदम नव्हे, ठिपक्याठिपक्यांनी. आधी भिंतीवर, मग तेलकट ओट्यावर, आणि सर्वांत शेवटी तांब्याच्या तारेच्या रिळावर. तिथे ते जरा रेंगाळे. बाहेर ट्रकांची धूळ अजून उठलेली नसे. दिवसभरात तांबे इतके शांत पुन्हा दिसत नाही, असे इंद्रजीतला वाटे.

आजही तो तार गुंडाळायच्या साच्याचे हँडल फिरवत होता आणि वडील, धर्मपाल, डोळे मिटून मोजत होते. त्यांचा उजवा हात थरथरू लागल्यापासून जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे काम असे वाटले गेले होते: हात मुलाचा, आकडा बापाचा.

"बत्तीस, तेहतीस, चौतीस."

हँडल थांबले.

"पस्तीस," धर्मपाल म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. "काहून थांबला?"

"चौतीसच भरतो, बाबा. कंपनीचे चौतीसच होते. पहिल्या वेळेस सोडवली तेव्हा तुम्हीच वहीत लिहिलं हाये."

"अंजनाबाईच्या चक्कीची मोटार हाये ते. तीनदा जळली. चार वेढे जास्ती असले तं मोटारीले आधार राह्यते. माह्या उस्तादानं शिकवलं मले."

"आधार नाही, बाबा. वेढे वाढले का जोर कमी होते. पूर्ण दळण पडलं का दमते, करंट जास्ती खाते. आन् ते चार वेढे खाचेत मावाले पाहिजे म्हणून आपण तार बी बारीक घेतो, ते लवकर तापते."

"तुह्या मोबाइलमधल्या मास्तरनं सांगतलं?"

"हव."

"त्यानं किती मोटारी भरल्या, विचारलं का त्याले?"

तो मास्तर दूरच्या कुठल्या विद्यापीठात विद्युतयंत्रे शिकवत असे; फळा, खडू, सरावाची गणिते, सारे मोबाइलवर, फुकट. बारावीनंतर इंद्रजीत दुकानात बसला तो बसलाच. पण त्या वर्गाने त्याची गुणपत्रिका मागितली नव्हती. इंग्रजीतले एकच वाक्य अकरा वेळा ऐकले तरी तिथे कोणी हसले नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी चौदाव्या तासाला वेढ्यांचे हे गणित आले. त्याने ते चार वेळा सोडवले. दरवेळी, दुसरे काही उत्तर यावे म्हणून. मग मोटार जळण्याचा दोष अंजनाबाईंच्या पुरानी बस्तीतल्या कमी व्होल्टेजला देऊन त्याने वही मिटली होती.

"भर," धर्मपाल पुन्हा डोळे मिटत म्हणाले. "जळली तं तूच सांगजो तिले."

पुढच्या गुंडाळीला त्यांनी एकपासून सुरुवात केली आणि चौतीसला ते आपणहून थांबले.

गुंडाळ्यांवरचे वार्निश सुकल्यावर, तिसऱ्या दिवशी, मोटार पुरानी बस्तीतल्या चक्कीवर चढली. अंजनाबाई स्टीलची वाटी घेऊन उभ्या होत्या. एक वाटी गहू, मग थांबायचे, मग दुसरी.

"मावशी, पूर्ण डबा ओता."

"नको रे बाबू. तुह्या बाबानं कसम घातली मले. म्हणे, बाई, तुमी हावऱ्यासारखं ओतता म्हणून जळते." त्या हसल्या. "नऊ वर्षं झाली. लोकं थांबत नाहीत आता, चौकातल्या चक्कीवर जातात. पण काय करतं, माहीच चूक."

इंद्रजीतने डबा उचलला आणि सबंध ओतला. मोटारीचा सूर क्षणभर खाली गेला, मग सावरला आणि तसाच राहिला. पीठ धारेने पडू लागले. अंजनाबाई मोटारीपासून दोन पावले मागे सरकल्या, फटाका लावल्यावर सरकतात तशा.

दुसरा डबा. तिसरा. अर्ध्या तासाने त्याने मोटारीच्या पाठीवर तळहात ठेवला. ती कोमट होती. हात तिथे राहू शकला.

अंजनाबाईंनीही भीतभीत हात ठेवला. दुसऱ्या हातातली वाटी अजून तशीच होती.

"मंग... माही चूक नव्हती?"

व्होल्टेजचे उत्तर त्याच्या ओठांवर तयार होते. पण डोक्यावरचा दिवा रोजच्यासारखाच पिवळा, मंद जळत होता; व्होल्टेज आजही कमीच होते, आणि मोटार चालत होती.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "बाबाची होती."