कॅमेऱ्याकडे बघायचं नाही

"कट," ती म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला. "आई, परत कॅमेऱ्याकडे बघितलंस."

"मी कुठे बघितलं?"

"बघितलंस. आणि वाक्य काय होतं? 'अहो, दार उघडा की!' तू काय म्हणालीस? 'अगं, यांना सांग दार उघडायला.'"

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेले बाबा छताकडे बघत होते. लघुपटातला नवरा नुकताच झोपेतून उठलेला असतो, हे दोनदा सांगूनही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

माध्यम अभ्यासाच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून चित्रपटाचे प्रकार वाटले होते. हिला भयपट हवा होता. भयपट बरा असतो, दिवे घालवले की अर्धं काम होतं. तो मैत्रिणीला गेला आणि हिच्या चिठ्ठीत निघालं, विनोदी. गोष्ट तिने साधीच रचली. सुट्टीची दुपार, नवरा-बायको सोफ्यावर लोळताहेत, दाराची बेल वाजतेय आणि दोघांपैकी एकही उठायला तयार नाही. वर्गातल्या दोघांनी काम करायचं कबूल केलं आणि ऐनवेळी टांग दिली. राहिले कोण, तर घरातले.

आणि घरातल्या या दोघांत दोन वर्षं अबोला! बाबा चारचौघांत मामाला नको ते बोलले, आणि त्या संध्याकाळपासून आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाबाही काही कमी नाहीत. तेही तोंड शिवून बसले. मधे सापडली ही. "बाबांना सांग, गॅस संपलाय." "आईला सांग, ऐकू आलं मला." दोघं हातभर अंतरावर बसलेले असायचे, आणि हिने आपल्या खोलीतून उठून यायचं, कानातले इअरफोन काढायचे, एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला सांगायचं. वैताग नुसता. हमालसुद्धा दिवसातून एकदा टेकतो, असं ती मैत्रिणीला म्हणायची.

त्यात दुसऱ्या शहरातल्या एका संकलकाने तिला सहा महिन्यांसाठी हाताखाली बोलावलं होतं. परवापर्यंत कळवायचं होतं. सगळा जीव तिकडे लागला होता. पण घरात विषय काढून वर स्वतःच "बघू, बहुतेक नाहीच जाणार," असं म्हणून ती मोकळी झाली होती. आपण गेलो तर या घरात पंख्याशिवाय कशाचा आवाज होणार नाही, याची तिला खरोखरच भीती वाटायची.

"चला, आणखी एकदा. आई, बाबांकडे बघून."

तिने मोबाइलवर बेल वाजवली.

"अहो..." आईने सुरुवात केली, आणि तिची नजर घसरत घसरत कॅमेऱ्यावर आलीच.

"हिला म्हणावं, एवढंसं वाक्य, पाठ कर," बाबा छताला म्हणाले.

एरवी तिला हसू आलं असतं. आज अंगात त्राणच नव्हतं. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. दार ओढून घेऊन ती बाल्कनीत गेली आणि दहा मिनिटं तिचं भुताचं रडगाणं ऐकत उभी राहिली. परत आली तेव्हा आई सोफ्याच्या कव्हरचे दोरे काढत होती, बाबा छताकडे बघत होते.

"राहू दे," ती म्हणाली. "काहीतरी जुळवते त्यातूनच."

संध्याकाळी ती खोलीत लॅपटॉप उघडून बसली. एकेक फुकट गेलेला तुकडा बघून बाजूला सारत गेली. शेवटचा भलताच लांब निघाला. बाल्कनीत जाताना कॅमेरा बंद करायचा राहिला होता.

पडद्यावर दार ओढल्याचा आवाज झाला.

"गेली?" आईने विचारलं. बाबांना विचारलं.

"गेली."

"छताकडे काय बघता हो सारखं?"

"मग कुठे बघू? तुझ्याकडे बघितलं की हसायला येतं."

आईने उशी उचलून त्यांच्या पाठीमागे सरकवली, रोजची सवय असावी तशी. "मला नाही जमत हे सोंग. पोर दमते किती."

"दमते. पण खोलीतून बाहेर येते ना? आपण तिच्यासमोर बोलायला लागलो की कशाला येईल?"

"आणि सहा महिने गेली म्हणजे?"

"नाही जायची," बाबा हळूच म्हणाले. "आपल्याला असं टाकून नाही जायची ती."

बाल्कनीचं दार वाजलं. आई झटकन आपल्या टोकाला सरकली.

लेकीने तो तुकडा पुन्हा लावला. मग तिच्या डोक्यात तिडीक गेली. तापाने फणफणलेली असताना गेल्या महिन्यात ती याच दोघांसाठी अंथरुणातून उठली होती, 'जेवायला वाढलंय' एवढं सांगायला! लॅपटॉप मिटून ती तरातरा दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कुणी हाक न मारता, नुसतं बसायला म्हणून आपण शेवटचं बाहेर कधी गेलो, ते तिला काही केल्या आठवेना. मघाचा राग होताच, पण आता रडूही यायला लागलं. तोंड पुसून ती स्वयंपाकघरात गेली.

आई भांडी विसळत होती. बाबा टेबलाशी पेपर घेऊन बसले होते.

"आलीस? बरं झालं. बाबांना सांग, आंघोळीचं पाणी तापलंय."

ती बाबांकडे वळली. आवाज नेहमीसारखाच ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं, पण तो थोडा चिरकलाच.

"बाबा, आई म्हणतेय, पोरीला जाऊ द्या सहा महिने."

नळ वाहत राहिला. आईचे हात तसेच थांबले. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि लेकीच्या खांद्यावरून सरळ बायकोकडे बघितलं.

"म्हणालीस असं?" त्यांनी विचारलं.

आईने नळ बंद केला. लेकीच्या चेहऱ्याकडे तिने बघितलं. मग नवऱ्याकडे वळली.

"हो," ती म्हणाली. "म्हणाले."