पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी एक जुनी शंभर सीसीची मोटारसायकल आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. जुन्या वस्तूनं आपली कहाणी सांगताना जरा हळवं व्हावं, चार उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असते. ते माझ्याच्यानं होणार नाही. अंगाला गंज चढला म्हणून मी रडत नाही, गंज सगळ्यांनाच चढतो. पण माझ्या घरातल्या मुलाच्या मांडीत सळई बसली, त्याचा दोष एका निर्दोष गाडीवर टाकला गेला, आणि त्याच खोट्या दोषापायी त्याच्या बहिणीची वाट अडवली गेली. हे सगळं मी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या उभ्या पाहिलं. मग राग येणार नाही तर काय येईल?

माझा जन्म कारखान्यातला. पण खरं आयुष्य सुरू झालं ते शहरातल्या जालना रोडवरच्या शोरूममधून. पाचोडचे मोसंबीवाले बद्रीनाथ मला निवडायला आले, तेव्हा बरोबर बायको चतुराबाई, सत्यम आणि मोनिका ही दोन लेकरं, आणि त्यांचे दोस्त मोतीराम असा सगळा लवाजमा होता. बद्रीनाथांची ही पहिलीच गाडी. त्यामुळे निवड कशी झाली म्हणता? "ॲव्हरेज किती देती?" "मागं मोसंबीचे क्रेट बांधता येतील का?" "माझा पदर चाकात जायचा नाय ना?" सगळ्यांनी सगळं विचारलं. गाडी पळते कशी हे विचारून झालं, पण गाडी थांबते कशी, हे विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही.

शोरूमवाल्यानं आपणहून सांगितलं. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, उजव्या पायाला मागचा, दोन्ही बरोबरच लावायचे. बद्रीनाथांनी मान डोलावली. मोतीराम मात्र तोंड दाबून हसले. त्यांना पुढचे दोन दात नव्हते, म्हणून ते नेहमी तोंड दाबूनच हसायचे.

त्या दातांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. मोतीराम एकदा दुसऱ्या कुणाच्या गाडीवरून जाताना पुढचा ब्रेक दाबून तोंडावर आपटले होते. गावाला विषय मिळाला. तेव्हापासून आमच्याकडं कुणी गाडीवरून पडला की 'मोतीराम झाला' म्हणायची पद्धत पडली. सायकलवरून पोरगं पडलं, मोतीराम झालं. बैलगाडीतून म्हातारा घसरला, त्याचाही मोतीराम झाला. आणि पुढचा ब्रेक म्हणजे मोतीराम व्हायचं बटण, हे तर शाळेतल्या पोरासोरांनाही पाठ होतं.

तर मी घरी आले, चतुराबाईंनी माझ्या चाकाखाली नारळ फोडला, हँडलला झेंडूचा हार घातला. हार सुकायच्या आत बद्रीनाथांनी पाना घेतला आणि माझ्या पुढच्या ब्रेकची केबल सोडून टाकली. "लेकरांच्या हाताला चुकून लागायला नको," म्हणाले. मित्रांनो, त्यांनी हे प्रेमानं केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण धडधाकट माणसाचा उजवा हात कुणी प्रेमानं मोडून ठेवला, तर त्यानं काय आभार मानायचे?

पुढं मी राबले. मोसंबी वाहिली, खताच्या गोण्या वाहिल्या, चतुराबाईंना माहेरी नेलं आणि आणलं, मोनिकाला तापात फणफणत असताना दवाखान्यात पोचवलं. "लई गुणाची गाडी," असं बद्रीनाथ चारचौघांत सांगायचे. मी गुणाची होतेच. एका ब्रेकवर इतकी वर्षं कुणालाही न पाडता चालले, यापेक्षा मोठा गुण कुठला असतो?

सत्यम शिकला तो माझ्यावरच. बद्रीनाथ मागं बसायचे. पोराचं बोट उजव्या मुठीपुढच्या ब्रेकच्या दांडीकडं गेलं, की त्याच्या हातावर फटका पडायचा. "बोट काढ. मोतीराम व्हायचंय का?" दांडीला तेव्हा काही जोडलेलंसुद्धा नव्हतं, तरी फटका पडायचा. सवय बिघडायला नको म्हणे. होता होता पोराचं बोट त्या दांडीकडं जायचंच थांबलं, आणि बाप म्हणाला, आता शिकला. माझ्या डोक्यात तेव्हा जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

सत्यमला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली. काही दिवस मीच त्याला नेलं. मग त्यानं दीडशे सीसीची घेतली. मग तीही त्याला मुळमुळीत वाटायला लागली, म्हणून अडीचशेची आणली. माझी रवानगी शेडमध्ये झाली. माझ्यावर पोती टाकली, सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली. कोंबडीवर माझा राग नाही, तिला निदान माझा काहीतरी उपयोग सुचला. आणि त्या थोरल्या गाड्यांवरही माझा राग नव्हता. माणसानं मोठी गाडी खुशाल घ्यावी. छोटीवर तोल शिकावा, मधलीवर वेग ओळखावा, मग मोठीवर बसावं, हीच तर खरी रीत आहे. पण सत्यम नुसता इंजिनाच्या पायऱ्या चढत गेला. थांबायला शिकला होता तो माझ्या मोडक्या हातावर, आणि तिथंच राहिला. त्या अडीचशेच्या पुढच्या चाकाला ताटाएवढी ब्रेकची चकती होती. शेडमध्ये ती माझ्याशेजारीच उभी असायची. चकती दिवसेंदिवस नवीच्या नवी दिसायची, कारण तिला कुणी हातच लावत नव्हतं.

व्हायचं तेच झालं. आडूळ गावाच्या अलीकडं भरदुपारी एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यात आडवा वळला. सत्यमनं होता नव्हता तेवढा जोर पायात आणून मागचा ब्रेक दाबला. भरधाव जड गाडी एकट्या मागच्या चाकानं किती धरायची? चाक घसरलं, गाडी ट्रॉलीवर गेली. सत्यम वाचला. मांडीचं हाड मोडून आत सळई बसली, हातात काठी आली, नोकरी गेली.

आणि गावानं काय म्हणावं? "पॉवरची गाडी म्हणल्यावर दुसरं काय व्हायचं." जो तो येऊन चहा पिऊन तेच सांगून गेला. बद्रीनाथांनीही तेच धरलं. चतुराबाईंसमोर त्यांनी बजावलं, "आजपासून या घरात शंभरच्या वरची गाडी येणार नाय." मी शेडमधून ऐकत होते. मला ओरडता आलं असतं तर पत्रे उडाले असते.

आता या सगळ्याचा फटका कुणाला बसावा? मोनिकाला. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागली होती. गावोगावी जाऊन गायी-म्हशींना लस टोचायची. लस बर्फाच्या डब्यात न्यावी लागते आणि बर्फ वितळला की तिचा उपयोग नसतो. तिनं मला पोत्यांखालून काढलं, कोंबडीला हुसकावलं आणि डबा मागं बांधून निघाली. पण माझं वय झालेलं. मुरमा गावाच्या वाटेवर मी दोनदा बंद पडले आणि दोन्ही वेळा डब्यात पाणी झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला साफ सांगितलं, चांगली गाडी नसेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल.

ती माझ्यावरूनच शोरूमला गेली. मी काचेबाहेर उभी होते. विक्रेत्यानं लगेच तिला गुलाबी स्कूटीपाशी नेलं. "मॅडम, लेडीज लोक हीच घेतात."

"हे बारकं चाक घेऊन मुरम्याच्या खड्ड्यांतनं तुम्ही एकदा चालवून दाखवा," मोनिका म्हणाली, "मग मी घेते."

मग ती एकेका मोटारसायकलवर बसली. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतात का ते पाहिलं. खाली उतरून गाडी एकटीनं मागं ढकलून पाहिली. अडीचशेवाली तिनं सोडून दिली, इतक्यात झेपायची नाही म्हणाली. सव्वाशेच्या एका गाडीपाशी थांबली आणि विचारलं, "ब्रेक कसाय हिचा?" मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

घरी बद्रीनाथांनी ऐकूनच घेतलं नाही. "एक पोरगं काठीवर आलंय, आता तू बी? नोकरी सोड. घरी बस, पण ती गाडी नाय."

"भैय्या गाडीनं नाय पडला, अण्णा."

"मग कशानं पडला?"

मोनिकानं मला शेडबाहेर ओढलं आणि उजवी दांडी दाबली. दांडी आपली लुळी, मुठीला जाऊन टेकली. "शोरूममध्ये ती दांडी दाबली तर हाताला जोर लागला. हिची अशी कशी? हिचा ब्रेक तुटलाय."

"तुटला नाय. म्याच सोडलाय," बद्रीनाथ म्हणाले. "तुला काय मोतीराम व्हायचंय?"

तिनं पुढं वाद घातला नाही. मला घेऊन सरळ मोतीरामांच्या ओट्यावर गेली. मोतीरामांनी आता कवळी बसवली होती, पण हसताना तोंड दाबायची खोड तशीच होती. "काका, तुम्ही पडलात कसे?" तिनं विचारलं.

"वळणावर वाळू होती बाई. गाडी तिरपी, आन म्या घाबरून सगळी मूठ आवळली. सरळ रस्त्याला, हळू दाबला असता तर कशाला पडलो असतो? ब्रेकचा काय गुन्हा?"

"मग हे गावाला सांगितलं का नाही कधी?"

"कुणी इचारलं?" मोतीराम म्हणाले. "लोकायला गोष्ट आवडली व्हती. माझ्या नावानं हसायले, हसू दे म्हणलं."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. एवढ्याशा वाळूवर अख्ख्या गावानं शहाणपण उभारलं, त्यापायी माझा हात मोडला, सत्यमचा पाय मोडला, आणि ज्याच्या नावानं हे सगळं चाललं त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मोनिकानं माझी केबल नवी बसवून घेतली, आतले ब्रेकचे पट्टेही बदलले. बाजाराचं मैदान रिकामं असताना ती दोन बोटांनी हळू, पायाचा ब्रेक बरोबर धरून, सरळ जाऊन थांबायचा सराव करायला लागली. आणि एक दिवस सकाळी ती बद्रीनाथांना तिथं घेऊन आली. सत्यमही काठी टेकत मागून आला.

"अण्णा, तुम्ही बसा," ती म्हणाली. "तिकडून वेगात या, त्या लिंबाच्या झाडापाशी आलात की आधी नुसत्या पायानं थांबा. मग हातानं आणि पायानं. मग माझ्या गाडीचं काय ते तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी उद्या राजीनामा देते."

बद्रीनाथ बसले. आधी पायानं थांबले. मी सरकत सरकत मैदानाच्या मध्यापर्यंत गेले. मोनिकानं तिथं दगड ठेवला. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा त्यांचं बोट दांडीवर ठरेना. त्या खेपेला तर त्यांनी हातानं दाबलाच नाही, नुसते पुढं निघून गेले. मला त्यांची दया आली नाही. दाबा, म्हणत होते मी, एकदा तरी दाबा.

मग त्यांनी दाबला. पुढचं चाक जमिनीला चिकटून धरलं मी. किती वर्षांनी धरलं होतं. दगड पार लांब राहिला, निम्म्या वाटेतच मी उभी होते. कुणी पडलं नव्हतं.

बद्रीनाथांनी दोन्ही पाय जमिनीला टेकले. दगडाकडं बघत म्हणाले, "एवढ्यात थांबती व्हय ही?"

सत्यम काठी टेकत जवळ आला. "अण्णा, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी ट्रॉली दिसली तवा माझा हात गेला व्हता ब्रेकवर. आपसूक गेला व्हता. मग तुमचा आवाज आला कानात. म्या बोट काढलं."

बद्रीनाथांनी दोन्ही हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवले आणि ते तसेच रडायला लागले, लेकरांसमोर, सकाळच्या उन्हात. सत्यमनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी डोळे पुसले आणि मोनिकाला म्हणाले, "कोणती म्हणालीस, सव्वाशेची? चल, जाऊ आज."

मोनिकाची गाडी आता माझ्याशेजारी उभी असते. तिच्या पुढच्या चकतीवर रोजच्या वापराच्या रेघा आहेत. चार वर्षांनी मोठी घेईन म्हणते, घेऊ दे. पण माझा राग मात्र गेलेला नाही. सत्यमची काठी रोज शेडच्या दाराला टेकलेली असते, ती पाहिली की तो पुन्हा चढतो.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला पाया पडून नाही, ठणकावून सांगते. तुम्ही एक दिवस मोठे व्हाल, गाडी शिकाल. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक बरोबर लावायला शिका, वाळूत आणि वळणावर जपून, मूठ न आवळता. तुम्हाला शिकवणारा माणूस तुमच्यावर जीव टाकणाराच असेल, आणि तो चुकीचंही शिकवत असेल. त्यानं हातावर मारलं तर मारू द्या. बोट काढू नका.